कर्नल कंपाइल करताना ऐच्छिक ड्रायव्हर: काय ठेवायचं, काय काढायचं? (६.१२, सिरियल-पॅरलल कार्ड, वजनकाटा, प्रिंटर)

अक्कलकोट_रोड

नमस्कार मंडळी. एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या युनिटमधल्या चार पीसींसाठी लिनक्स ६.१२ चा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कंपाइल करतोय. चारही सारखेच आहेत: इंटेल एच८१ चिपसेटचा बोर्ड, चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, ३२ जीबी एसएसडी, डेबियन १३. वीज जाऊन आली की मशीन लवकर उभं राहावं आणि डिस्कवर जागा उरावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

जोडणी अशी आहे. प्रत्येक पीसीत एक पीसीआय कार्ड, त्यावर दोन सिरियल आणि एक पॅरलल पोर्ट. पॅरललवर बिलाचा डॉट मॅट्रिक्स, सिरियलवर लूमचे काउंटर. सुताचा वजनकाटा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरवर. शिवाय लेबल प्रिंटर, बारकोड स्कॅनर आणि बोर्डावरचं रिअलटेक नेटवर्क. ऑफिसातल्या पीसीत तीच कार्डं दोन आहेत.

चालू सिस्टिमवर ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ चालवून कर्नल तयार केला. बूट होतो, नेटवर्क चालतं. पण पीसीआय कार्डाचा एकही पोर्ट दिसत नाही, काटा लावला तर काहीच उमटत नाही आणि पेन ड्राइव्ह माउंट होत नाही. ऑफिसच्या पीसीसाठी एक जुनी कॉन्फिग फाइल हाताशी होती, तिच्यावरून वेगळा कर्नल बांधला. तिथं दोन्ही कार्डं दिसतात, पण चार सिरियल पोर्टांपैकी तीनच मिळतात. नक्की कुठं चुकतंय?

होटगी_रोड

आधी हेतूबद्दल बोलतो, मग ड्रायव्हर. डेबियनच्या तयार कर्नलमध्ये हजारो मॉड्यूल (गरजेप्रमाणे लोड होणारे ड्रायव्हर) असतात, पण जे लोड होत नाही ते रॅम खात नाही आणि बूटही लांबवत नाही. ते फक्त डिस्कवर पडून असतं. वेळ जातो तो मोठा इनिट्रॅमएफएस (मुख्य डिस्क उघडण्याआधी रॅममध्ये चढणारी छोटी फाइलसिस्टिम) वाचण्यात आणि उलगडण्यात. त्यासाठी इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फ फाइलमध्ये ‘मॉड्यूल्स=मोस्ट’ आहे तिथं ‘मॉड्यूल्स=डेप’ करा आणि ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू’ चालवा. फाइलचा आकार चांगलाच उतरतो.

एक लक्षात असू द्या: ‘डेप’ने बनलेला इनिट्रॅमएफएस त्याच मशीनच्या हार्डवेअरपुरता असतो. तीच एसएसडी उद्या वेगळ्या बोर्डाला लावली तर रूट (सिस्टिमचं मुख्य पार्टिशन) सापडेलच असं नाही.

एवढं करूनही कंपाइल करायचंच असेल तर करा, चार मशीन एकसारखी असताना त्यात अर्थ आहे. पण ड्रायव्हर छाटून वेग वाढेल ही अपेक्षा ठेवू नका.

विजापूर_वेस

पहिल्या मशीनची काटा आणि पेन ड्राइव्ह ही दोन दुखणी एकाच जागची आहेत. ‘लोकलमॉडकॉन्फिग’ त्या क्षणाचं ‘एलएसमॉड’ (लोड असलेल्या मॉड्यूलांची यादी) बघतं आणि जे मॉड्यूल लोड नाही त्याचा ऑप्शन बंद करतं. तुम्हाला पुढं काय लागणार आहे हे त्याला कुठून कळणार? काटा काढलेला होता, सीएच३४१ (कन्व्हर्टरचा ड्रायव्हर) गेलं. पेन ड्राइव्ह लावलेला नव्हता, यूएसबी स्टोरेज गेलं, व्हीफॅट (पेन ड्राइव्हची फाइलसिस्टिम) गेलं आणि त्याच्यासोबत कोडपेजही (फाइलनावांतल्या अक्षरांचा तक्ता) गेलं.

हे शेवटचं फसवं असतं. व्हीफॅट परत चालू केलं आणि ‘एनएलएस_कोडपेज_४३७’ राहिलं, तर डिस्क दिसते, पार्टिशन दिसतं, पण माउंट नापास होतं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) ‘कोडपेज सीपी४३७ नॉट फाउंड’ अशी ओळ येते. ‘एनएलएस_आयएसओ८८५९_१’ आणि ‘एनएलएस_यूटीएफ८’ हेही सोबत ठेवा.

रीत अशी ठेवा. डेबियनच्या मूळ कर्नलवर बूट करा. मग जे जे वर्षभरात कधीतरी लागेल ते एकेक करून जोडा: काटा, लेबल प्रिंटर, पेन ड्राइव्ह, आणि लाइनचं नेट बंद पडल्यावर टेदरिंगला वापरता तो मोबाइलसुद्धा. त्याला ‘यूएसबी_नेट_आरएनडीआयएस_होस्ट’ किंवा ‘यूएसबी_नेट_सीडीसीईथर’ लागतं आणि बहुतेकांचं हेच विसरतं. सगळं जोडून झालं की ‘एलएसमॉड’ची यादी फाइलमध्ये घ्या. चारही मशीनवर हेच करा, चार फाइली ‘कॅट’ने एकत्र जोडा आणि ‘मेक एलएसमॉड=एकत्रफाइल लोकलमॉडकॉन्फिग’ चालवा. मथळ्याची ओळ चार वेळा आली तरी बिघडत नाही, स्क्रिप्ट ती सोडून देते.

अख्खी शाखाच वाचवायची असेल तर ‘एलएमसी_कीप’ हा पर्याय आहे. ‘एलएमसी_कीप="ड्रायव्हर्स/यूएसबी:एफएस"’ दिलं की त्या दोन डिरेक्टरींखालचं काही कापलं जात नाही. तुमच्या कामाला मी ‘ड्रायव्हर्स/यूएसबी/सिरियल’ आणि ‘एफएस/एनएलएस’ एवढं तरी देईन.

(ऑप्शनची नावं इथं उच्चाराप्रमाणे लिहितोय, पुढचं ‘कॉन्फिग_’ गाळून. टाइप करताना मूळ इंग्रजी मोठी अक्षरं वापरा.)

कंबर_तलाव

कार्डाबद्दल. ‘एलएसपीसीआय -एनएनके’चं (पीसीआय उपकरणांची यादी) त्या कार्डाचं आउटपुट टाका, सबसिस्टिमच्या ओळीसकट. मूळ कर्नलवर एकदा आणि तुमच्या कर्नलवर एकदा.

अक्कलकोट_रोड

मूळ कर्नलवर: कम्युनिकेशन कंट्रोलर, आयडी ९७१०:९८३५, सबसिस्टिम १०००:००१२, ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज: पारपोर्ट_सिरियल’. माझ्या कर्नलवर शेवटची ओळच नाही.

ऑफिसच्या पीसीच्या डीमेसेजमध्ये दुसऱ्या कार्डाखाली ‘कुडन्ट रजिस्टर सिरियल पोर्ट’ आणि शेवटी ‘एरर -२८’ असं आहे.

कंबर_तलाव

हा सबसिस्टिम आयडी नीट बघा, तो बोलका आहे. ९७१० म्हणजे नेटमॉस ही चिपची कंपनी. या चिपांच्या कार्डांवर सबसिस्टिमचे शेवटचे दोन आकडे पोर्टांची संख्या सांगतात: आधी पॅरलल, मग सिरियल. ००१२ म्हणजे १ पॅरलल, २ सिरियल. ड्रायव्हरही हाच आकडा वाचून ठरवतो की किती पोर्ट उघडायचे. बाजारात याच चिपची वेगवेगळ्या पोर्टांची कार्डं मिळतात, डब्यावर काहीही छापलेलं असो, हा आकडा खरा धरायचा.

आता गंमत अशी की सिरियल पोर्ट असूनही हे मिश्र कार्ड नुसत्या ‘सिरियल_८२५०_पीसीआय’ने उठत नाही. त्याला ‘पारपोर्ट_सिरियल’ लागतं. आणि तो ऑप्शन मेन्यूमध्ये सिरियलच्या घरात सापडत नाही, पॅरलल पोर्ट सपोर्टच्या घरात आहे. तिथंही ‘पारपोर्ट’, ‘पारपोर्ट_पीसी’ आणि ‘सिरियल_८२५०_पीसीआय’ तिन्ही चालू असल्याशिवाय तो डोळ्यालाच पडत नाही. म्हणून लोक ‘पॅरलल नको’ म्हणून पारपोर्ट बंद करतात आणि सिरियल का गेलं म्हणून दिवसभर केबल बदलत बसतात.

डॉट मॅट्रिक्सला याच्यावर अजून एक थर: ‘प्रिंटर’ नावाचा ऑप्शन. तो कॅरेक्टर डिव्हाइसेसमध्ये आहे, त्याचं मॉड्यूल ‘एलपी’. तो नसेल तर पोर्ट असतो, पण ‘डेव्ह/एलपी०’ तयार होत नाही आणि कप्सला (लिनक्सची छपाईची यंत्रणा) पॅरलल प्रिंटर दिसत नाही. एखादं जुनं सॉफ्टवेअर पोर्टाशी थेट बोलत असेल तर ‘पीपीडेव्ह’ही घ्या.

कुठल्याही उपकरणाला हीच वाट लागू होते, एकदा हात बसला की पाच मिनिटांचं काम आहे. उपकरणाच्या सिसएफएस डिरेक्टरीत (कर्नल उपकरणांची माहिती जिथं दाखवतो) ‘मोडएलियस’ नावाची फाइल असते, तिच्यातली ओळ उचला. मूळ कर्नलवर ‘मॉडप्रोब -आर’ला (मोठा आर) ती ओळ दिली की मॉड्यूलचं नाव मिळतं. मग कर्नलच्या सोर्समध्ये त्या मॉड्यूलचं नाव मेकफाइलांमध्ये ‘ग्रेप’ करा. ‘ओबीजे-डॉलर’ने सुरू होणारी जी ओळ सापडेल तिच्या कंसात नेमका ऑप्शन लिहिलेला असतो. मॉड्यूलच्या नावात खालची रेघ असेल तर आडव्या रेघेनेही शोधा, लोड झाल्यावर कर्नल आडवी रेघ बदलून खालची दाखवतो. ऑप्शन हातात आला की मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे ऑप्शन निवडायचा मेन्यू) तिरकी रेघ दाबून तेच नाव शोधा. कशावर अवलंबून आहे, त्यातलं आत्ता काय बंद आहे, सगळं एका पानावर येतं.

नेटवर ‘अमुक ऑप्शन चालू करा’ असं वाचून करण्यापेक्षा ही वाट धरा. तीन आवृत्त्यांपूर्वीचं नाव आज असेलच असं नाही.

विजापूर_वेस

एरर -२८ बद्दल. २८ म्हणजे जागा संपली, पण डिस्कची नाही, पोर्टांच्या तक्त्यातली. ऑफिसच्या पीसीच्या कॉन्फिगमध्ये ‘सिरियल_८२५०_एनआर_युआर्ट्स’ बघा. माझ्या अंदाजाने ४ निघेल. केकॉन्फिगमधली (ऑप्शनच्या मूळ व्याख्यांतली) किंमत ४ आहे, डेबियनची फाइल वापरली असती तर हा प्रश्न आला नसता. बोर्डावरचा एक आणि कार्डांचे चार मिळून पाच होतात, त्यामुळे पाचवा बाहेर राहिला.

१६ करा. सोबत ‘सिरियल_८२५०_रनटाइम_युआर्ट्स’ ८ करा. कर्नलच्या कमांड लाइनवर कुणी ‘८२५०.एनआर_युआर्ट्स’ लिहून ठेवलंय का तेही तपासा, कारण ते कॉन्फिगमधल्या रनटाइमच्या आकड्यावर मात करतं.

पण हे करण्याआधी काउंटरचं सॉफ्टवेअर कुठला पोर्ट उघडतं ते लिहून ठेवा. आत्ता तक्ता चारच खणांचा असल्यामुळे कार्डाच्या पोर्टांना ‘टीटीवायएस१’ ते ‘३’ ही नावं (लिनक्समध्ये सिरियल पोर्टाचं नाव असं असतं) मिळाली आहेत. ते खण खरं तर जुन्या कॉम२, कॉम३, कॉम४ पत्त्यांचे, दुसरं काही मोकळं नव्हतं म्हणून वापरले गेले. तक्ता मोठा केलात की कर्नल आधी कधीच न वापरलेले खण बघतो आणि कार्डाचे पोर्ट ‘टीटीवायएस४’पासून सुरू होतात. चारही पोर्ट दिसायला लागतील आणि त्याच दिवशी काउंटर बंद पडतील. बिघाड समजून उलटं फिरू नका, सॉफ्टवेअरमधलं नाव बदला. किंवा यूडेव्हचा (उपकरणांना नावं देणाऱ्या सेवेचा) नियम लिहून पीसीआय पत्त्याप्रमाणे कायमची टोपणनावं द्या. दोन एकसारखी कार्डं असताना मी हा टोपणनावांचाच उपाय करेन.

अक्कलकोट_रोड

बरोबर, ४ च आहे. आणि काउंटरच्या सेटिंगमध्ये टीटीवायएस१, २, ३ लिहिलेलं आहे. यूडेव्हचा नियमच लिहितो.

धोटा_कांडी

काट्याचं बघा. आधी ‘एलएसयूएसबी’ने कन्व्हर्टरची चिप ओळखा, बाहेरून सगळे सारखेच दिसतात. १ए८६:७५२३ असेल तर ‘यूएसबी_सिरियल_सीएच३४१’. ०६७बी:२३०३ असेल तर ‘यूएसबी_सिरियल_पीएल२३०३’. ०४०३:६००१ असेल तर ‘यूएसबी_सिरियल_एफटीडीआय_एसआयओ’. १०सी४:ईए६० असेल तर ‘यूएसबी_सिरियल_सीपी२१०एक्स’. युनिटमध्ये कन्व्हर्टर हरवतात, तुटतात, आणि मग बाजारातून मिळेल तो आणला जातो. आज सीएच३४१ आहे म्हणून तेवढंच ठेवू नका, चारही मॉड्यूल म्हणून राहू द्या. सगळे मिळून डिस्कवर काही शे केबी जागा घेतात, आणि ऐन वजनाच्या वेळी काटा बंद पडत नाही.

ड्रायव्हर आहे, ‘टीटीवाययूएसबी०’ क्षणभर येतं आणि लगेच नाहीसं होतं, असं झालं तर कर्नलला दोष देऊ नका. डीमेसेजमध्ये ‘बीआरएलटीटीवाय’ शोधा. ब्रेल डिस्प्लेसाठीचा तो प्रोग्राम आहे आणि काही ब्रेल उपकरणांत हीच चिप असल्यामुळे तो कन्व्हर्टर आपला समजून ताब्यात घेतो. उबंटू २२.०४ वर हे पुष्कळांना आलं. त्या मशीनवर ब्रेल उपकरण कुणी वापरत नसेल तर ते पॅकेज काढून टाका. वापरत असेल तर यूडेव्हच्या नियमातली तेवढी एक ओळ बंद करा.

या स्वस्त चिपांमध्ये प्रत्येक नगाचा वेगळा सिरियल नंबर नसतो. एकाच पीसीला दोन लावले तर ‘बाय-आयडी’खाली वेगळे ओळखू येत नाहीत. ‘डेव्ह/सिरियल/बाय-पाथ’ वापरा आणि कुठला कन्व्हर्टर कुठल्या यूएसबी खाचेत हे खाचेवर रंग लावून ठरवून टाका, कारण खाच बदलली की पाथ बदलतो.

बारकोड स्कॅनर बहुधा कीबोर्ड म्हणूनच येतो. कीबोर्ड चालतोय म्हणजे ‘यूएसबी_एचआयडी’ आणि ‘एचआयडी_जेनेरिक’ आहेत, त्याला वेगळं काही लागत नाही. लेबल प्रिंटरचं मात्र विचारून घ्या. कप्समधून छापत असाल तर कप्स लिबयूएसबीने थेट बोलतं, ‘यूएसबी_प्रिंटर’ नसला तरी चालतं. सॉफ्टवेअर लेबलच्या कमांडी सरळ ‘डेव्ह/यूएसबी/एलपी०’ला लिहीत असेल तर ‘यूएसबी_प्रिंटर’ हवाच.

सात_रस्ता

बिल्ट-इन की मॉड्यूल, यावर कुणी बोललं नाही. माझं मत स्पष्ट आहे: रूटपर्यंत पोचायला जे लागतं तेवढंच ‘वाय’ (कर्नलमध्येच बसवलेलं), बाकी सगळं ‘एम’ (मॉड्यूल). तुमच्या बोर्डाला ‘सॅटा_एएचसीआय’, ‘बीएलके_डेव्ह_एसडी’ आणि ‘एक्स्ट४_एफएस’. एवढं ‘वाय’ असलं की इनिट्रॅमएफएस बिघडला तरी रूट सापडतो. फक्त एक अट, कमांड लाइनवर रूट ‘पार्टयूयूआयडी’ने द्या. नुसता फाइलसिस्टिमचा यूयूआयडी कर्नल स्वतः ओळखत नाही, ते काम इनिट्रॅमएफएसमधल्या प्रोग्रामचं असतं.

सगळंच ‘वाय’ करून टाकू, मॉड्यूलची कटकट नको, असं वाटतं. तिथं फर्मवेअर (उपकरणात भरायच्या प्रोग्रामची फाइल) आडवं येतं. बिल्ट-इन ड्रायव्हर रूट माउंट होण्याआधी जागा होतो आणि फर्मवेअर मागतो. फाइल डिस्कवर असते, डिस्क अजून उघडलेली नसते. डीमेसेजमध्ये ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड ... फेल्ड विथ एरर -२’. फाइल जागेवर दिसते, मग -२ का, म्हणून लोक फर्मवेअर पॅकेज पुन्हा पुन्हा टाकतात. उपाय दोनच: ड्रायव्हर ‘एम’ करा, नाहीतर ‘एक्स्ट्रा_फर्मवेअर’मध्ये फाइलचं नाव देऊन ती कर्नलमध्येच बसवा. बसवायची तर फाइल उघडी हवी. काही वितरणं फर्मवेअर झेडएसटीडी किंवा एक्सझेडने दाबून ठेवतात, तिथं आधी उलगडून घ्या, नाहीतर ‘नो रूल टू मेक टार्गेट’ म्हणून बिल्ड अडतं. आणि अशा वितरणावर तुमच्या कर्नलमध्ये ‘एफडब्ल्यू_लोडर_कॉम्प्रेस’ बंद असेल, तर मॉड्यूल असूनही तीच -२ येते.

वायफायचं यूएसबी डोंगल लावणार असाल तर ‘सीएफजी८०२११’ही ‘एम’च ठेवा. त्याला ‘रेग्युलेटरी.डीबी’ ही फाइल लागते, बिल्ट-इन केलं तर वरचाच प्रकार होतो. आरटीएल८१८८ईयूच्या डोंगलला आता ‘आरटीएल८एक्सएक्सएक्सयू’ आहे. स्टेजिंगमधला (कच्च्या ड्रायव्हरांच्या विभागातला) जुना ड्रायव्हर काढून टाकलाय, जुन्या कॉन्फिगमधली ती ओळ ६.१२ मध्ये गुपचूप गळते.

बोर्डावरच्या रिअलटेक नेटवर्कला ‘आर८१६९’. सोबत रिअलटेकचं फाय मॉड्यूल (केबलवरचे सिग्नल सांभाळणाऱ्या भागाचा ड्रायव्हर) लागतं, ऑप्शन ते आपोआप ओढून घेतो. पण आर८१६९ इनिट्रॅमएफएसमध्ये हाताने टाकणार असाल तर ‘रिअलटेक’ हे मॉड्यूलही टाका. नाहीतर ड्रायव्हर स्वतःच सांगतो की रिअलटेक.केओ लोड नाही, आणि नेटवर्क उठत नाही.

नवी_पेठ

मेन्यूकॉन्फिगमध्ये काही ठिकाणी चौकोनी कंस, काही ठिकाणी टोकदार, काही ठिकाणी महिरपी दिसतात. काही ऑप्शन तर दाबले तरी बदलतच नाहीत. याचा अर्थ काय?

कंबर_तलाव

चौकोनी म्हणजे हो किंवा नाही, मॉड्यूल होत नाही. टोकदार म्हणजे वाय, एम, एन तिन्ही. महिरपी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी तो ओढून घेतलाय, ‘एम’ आणि ‘वाय’मध्येच फिरेल, बंद होणार नाही. दोन्ही बाजूंना नुसत्या आडव्या रेघा असतील तर तुमच्या हातात काही नाही, दुसऱ्या ऑप्शनने तो पक्का केलाय. कुणी केला हे प्रश्नचिन्ह दाबल्यावर ‘सिलेक्टेड बाय’खाली दिसतं, तिथं जाऊन मूळ ऑप्शन सोडवा. ‘झेड’ दाबलं की लपलेले ऑप्शनही दिसतात.

‘वाय’ करायचंय पण ‘एम’च्या पुढं जात नाही, असं असेल तर ज्यावर ते अवलंबून आहे ते ‘एम’ आहे. ‘यूएसबी_सिरियल’ एम असताना सीएच३४१ वाय होऊच शकत नाही, वडाची फांदी खोडाआधी कशी उगवेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘स्क्रिप्ट्स/कॉन्फिग’ने किंवा एडिटरने डॉट-कॉन्फिगमध्ये ओळ लिहिली म्हणजे ऑप्शन चालू झाला असं समजू नका. ती स्क्रिप्ट अवलंबित्व तपासत नाही, फक्त ओळ लिहिते. नंतर ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चाललं की जे बसत नाही ते एक शब्द न बोलता पुसलं जातं. ‘पारपोर्ट_पीसी’ बंद ठेवून ‘पारपोर्ट_सिरियल=एम’ लिहून बघा, पुढच्या पायरीला ओळ गायब.

म्हणून आपल्याला हवं ते एका छोट्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, समजा ‘युनिट.कॉन्फिग’ नावाने, आणि ‘स्क्रिप्ट्स/केकॉन्फिग/मर्ज_कॉन्फिग.एसएच डॉट-कॉन्फिग युनिट.कॉन्फिग’ चालवा. एखादी ओळ टिकली नाही तर हे स्पष्ट सांगतं: ‘व्हॅल्यू रिक्वेस्टेड फॉर ... नॉट इन फायनल’, खाली मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष किंमत. पुढच्या आवृत्तीला जातानाही तीच फाइल कामाला येते, पंधरा-वीस ओळींत सगळं युनिट मावतं. दोन कॉन्फिगमधला फरक बघायला ‘स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग’ आहे.

‘आयकेकॉन्फिग’ आणि ‘आयकेकॉन्फिग_प्रॉक’ चालू ठेवा. चालू कर्नल कशाने बांधलाय हे ‘प्रॉक/कॉन्फिग.जीझेड’मधून केव्हाही काढता येतं, फाइल हरवली तरी.

धोटा_कांडी

वीज जाण्या-येण्याचा विषय निघालाय तर वॉचडॉगही घ्या. बोर्डात तो आहेच, ‘आयटीसीओ_डब्ल्यूडीटी’. मशीन गोठलं तर ठरलेल्या वेळाने स्वतः रीसेट होतं.

यात खाच आहे ती ‘एक्सपर्ट’ या ऑप्शनची. एक्सपर्ट बंद असताना आयटीसीओ आपले सोबती स्वतः ओढून घेतो: ‘एलपीसी_आयसीएच’ आणि ‘आय२सी_आय८०१’. छाटणी करायला म्हणून एक्सपर्ट चालू केलात की हे ओढणं थांबतं. वॉचडॉगचं मॉड्यूल बांधलं जातं, लोडही होतं, पण ‘डेव्ह/वॉचडॉग’ येत नाही आणि चूक म्हणून काही छापलंही जात नाही. एच८१ वर ते उपकरण एलपीसी_आयसीएच जाहीर करतं, १०० मालिकेपासूनच्या चिपसेटवर आय८०१. दोन्ही हाताने ‘एम’ करा, पुढं बोर्ड बदलला तरी प्रश्न नको.

नंतर सिस्टिमडीच्या (सगळ्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) सिस्टिम.कॉन्फमध्ये ‘रनटाइमवॉचडॉगसेक=३०’ लिहा. तोवर वॉचडॉगला कुणी हात लावत नाही, नुसता ड्रायव्हर असून उपयोग नाही.

तापमानाचं ‘सेन्सर्स_कोरटेम्प’ही ठेवा. ते ऐच्छिक म्हणून पहिल्यांदा कापलं जातं, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये तेच सगळ्यात जास्त लागतं.

विजापूर_वेस

त्यावरूनच, कंपाइल करताना. ४ जीबी रॅमवर ‘-जे४’ (एका वेळी चार कामं) देऊ नका, ‘-जे२’ पुरे. मधेच ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१’ आलं तर रॅम संपली. ‘इंटर्नल कंपायलर एरर: सेगमेंटेशन फॉल्ट’ आलं तर पुन्हा चालवून बघा: दर वेळी वेगळ्या फाइलवर अडत असेल तर रॅम खराब आहे किंवा प्रोसेसर तापतोय, त्याच फाइलवर अडत असेल तर कंपायलर किंवा सोर्समध्ये शोधा. लूमच्या शेडमधल्या पीसीच्या हीटसिंकमध्ये सुताच्या तंतूंचा नमदा बसतो, पंख्याच्या खाली अगदी गोधडीसारखा. वरून फुंकर मारून तो निघत नाही. पंखा उतरवून, ब्रशने सोडवून, मग ब्लोअर. बाहेर ४३ अंश असताना हे न करता तासन्तास कंपाइल लावणं म्हणजे मशीन भट्टीत घालणं. ऑफिसच्या पीसीवर रात्री लावा, तिथं एकदाच बांधा आणि ‘मेक बिनडेब-पीकेजी’ने जी डेब पॅकेजं होतात ती बाकी तिघांवर टाका.

सुरुवातीला ही पॅकेजं लागतात: बिल्ड-इसेन्शियल, लिबएनकर्सेस-डेव्ह, फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह, आरसिंक, डेबहेल्पर. डीबग माहिती बंद करा: ‘कर्नल हॅकिंग’मध्ये ‘डीबग_इन्फो_नन’. वितरणाच्या कॉन्फिगमध्ये ती चालू असते आणि तेवढ्यावर तुमची ३२ जीबीची डिस्क भरू शकते. ती बंद केली की बीटीएफ (डीबग माहितीचाच एक प्रकार) आणि त्याची पाहोल या प्रोग्रामची मागणीही जाते. उबंटूच्या कॉन्फिगवरून कुणी सुरुवात करत असेल तर ‘सिस्टिम_ट्रस्टेड_कीज’ आणि ‘सिस्टिम_रिव्होकेशन_कीज’ रिकामे करा, नाहीतर कॅनॉनिकलच्या प्रमाणपत्राची फाइल सापडत नाही म्हणून बिल्ड थांबतं.

‘लोकलव्हर्जन’मध्ये ‘-युनिट१’ असं काहीतरी लिहा आणि ड्रायव्हर बदलून पुन्हा बांधलं की ‘-युनिट२’ करा. एकाच नावाखाली जुना कर्नल आणि नवी मॉड्यूलं मिसळली की ‘डिसअॅग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल’ येतं आणि एकही मॉड्यूल लोड होत नाही. बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला कर्नल उठणार नाही, तेही आधी बघून घ्या.

होटगी_रोड

कुणी फ्रीबीएसडीच्या (लिनक्सहून वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम) गेटवेसाठी हे वाचत असेल तर तिथली रीत वेगळी. पूर्ण जेनेरिक (मूळ कॉन्फिगची) फाइल कॉपी करून ओळी खोडू नका, आवृत्ती बदलली की ती शिळी होते. नव्या फाइलमध्ये ‘इन्क्लूड जेनेरिक’, ‘आयडेंट’ आणि मग नको त्या उपकरणाला ‘नोडिव्हाइस’ एवढंच लिहा. काय काय उपलब्ध आहे ते नोट्स फाइलमध्ये असतं. ‘मेक बिल्डकर्नल केईआरएनकॉन्फ=नाव’, मग ‘इन्स्टॉलकर्नल’. मागचा कर्नल ‘कर्नल.ओल्ड’ म्हणून राहतो.

अक्कलकोट_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. चारही मशीनच्या याद्या एकत्र करून, युनिट.कॉन्फिग लावून नव्याने बांधलं. मर्ज_कॉन्फिगने एक ओळ नाकारलेली दाखवली: ‘पारपोर्ट_सिरियल’, कारण पारपोर्ट_पीसी लिहायचं राहिलं होतं. ते घातल्यावर बसलं. ऑफिसच्या पीसीत टीटीवायएस४ ते ७ चारही आले, डेव्ह/एलपी० आणि एलपी१ आले, बिल छापलं. काटा चालतोय, वॉचडॉगही दिसतोय.

एक राहिलं. शेडमधल्या तीन मशीनना मॉनिटर नाही, एसएसएचनेच जावं लागतं. नवा कर्नल तिथं उठला नाही तर काय करायचं?

विजापूर_वेस

जुना कर्नल काढू नका, अण्णा. ग्रबच्या (कर्नल सुरू करणाऱ्या बूटलोडरच्या) डीफॉल्ट फाइलमध्ये ‘ग्रब_डीफॉल्ट=सेव्ह्ड’ करा, कमांड लाइनला ‘पॅनिक=१०’ जोडा, ‘अपडेट-ग्रब’ चालवा. ‘ग्रब-सेट-डीफॉल्ट’ने जुना कर्नल कायमचा ठरवा आणि ‘ग्रब-रीबूट’ने नवा फक्त पुढच्या एका बूटसाठी. नवा पॅनिक झाला (चूक होऊन कायमचा थांबला) तर १० सेकंदांनी मशीन स्वतः रीबूट होऊन जुन्यावर येईल. उठला पण नेटवर्क आलं नाही, तर शेडमधल्या माणसाला वीज बंद-चालू करायला सांगा, तरी जुन्यावरच येईल.

रूट सापडला नाही तर मात्र डेबियनचा इनिट्रॅमएफएस पॅनिक न होता आपल्या शेलमध्ये थांबतो. ‘पॅनिक=१०’ तिथंही लागू होतं, तो शेल न उघडता रीबूट करतो, म्हणून ते लिहायला विसरू नका. तिन्ही मशीनवर दोन दिवस नीट चाललं की मगच नवा कर्नल डीफॉल्ट करा. आणि एका वेळी एकच मशीन घ्या, लूम बंद असतात त्या सुट्टीच्या दिवशी.